पंचविसावा हात

रेल्वे आलीच नाही. गिरणी जळाली. शाळेला कुलूप लागलं. चर्चची घंटा शेजारच्या गावाने नेली. अमेरिकेच्या डकोटातल्या या टाउनशिपमध्ये, म्हणजे छोट्याशा खेड्यात, उरलेली पंचवीस माणसं सभेला बसली होती. घंटा नेणाऱ्या त्याच गावात विलीन व्हायचं, आपलं नाव पुसायचं? बारा हात ‘हो’ला, बारा ‘नको’ला. राहिली म्हातारी सोल्वेग. “आत्या, घर तर मला विकलंस. तुझं कसलं मत?” ‘हो’वाला भाचा अर्लन म्हणाला. “आज रात्री इथे झोपेल तो इथला,” अध्यक्ष म्हणाले. “सोल्वेग, कुठे झोपणार?” तिने मुठीतली किल्ली टेबलावर ठेवली. “माझ्या घरात, माझ्या पलंगावर. किल्ली तुला उद्या द्यायचीय ना रे, अर्लन?” अध्यक्षांनी अर्लनला विचारलं, “खरंय?” अर्लनने किल्ली परत तिच्याकडे सरकवली. “झोपणार आहे ती.” सोल्वेगचा हात ‘नको’साठी वर गेला. तिचा पलंग सकाळी अर्लननेच ट्रकमध्ये चढवला होता.