हक्काची चांदी

"पुन्हा ऑप्शनचा प्रीमियम भरलास? पैसे वर आलेत का? भाव चढू लागला की मी रोज थोडी थोडी चांदी घेतोच की!" पैंजणाला घुंगरू जोडताना सासरे करवादले.

"भाव दर वेळी पायरीपायरीनं चढत नाही, मामंजी. कधी हरणासारखी उडी घेतो. तेव्हा आजच्या भावानं चांदी घ्यायचा हक्क, म्हणजे हा ऑप्शन, हाताशी हवा." सून हसली.

सोमवारी बाजार उघडला तो उडी घेऊनच. थोडी थोडी घ्यायला वेळच उरला नाही. लग्नसराईच्या पैंजणांचा दर आधीच कबूल केलेला. महाग चांदीनं हुपरीतली त्यांची भट्टी विझलीच असती. सुनेकडे जुन्या भावाचा हक्क होता, म्हणून पेटती राहिली.

सासरे तिच्याकडे पाहत राहिले, सांधा न दिसणाऱ्या पैंजणाकडे पाहावं तसे. हळूच म्हणाले, "पोरी, पुढल्या महिन्याचा प्रीमियम भरलास ना गं?"