मधला रकाना

साहेबांनी रिपोर्ट टराटरा फाडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग आठ. तुकडे टोपलीत भिरकावून म्हणाले, "आकडा बदला, काकू."

"आकडा मी नाही काढला, यंत्राने काढलाय. त्याला सांगून बघा."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंना अख्खा कारखाना काकूच म्हणायचा, मालक असलेले साहेबसुद्धा. कारखान्यात पातळ तेलाचं घट्ट, पांढरंशुभ्र वनस्पती तूप व्हायचं. उद्या शाळांच्या बिस्किटांसाठी तूप पुरवायचं कंत्राट ठरणार होतं. त्यांची अट, ट्रान्स फॅट शंभरात दोनच्या वर नको. मालात निघालं होतं साडेआठ. रक्तवाहिन्या तुंबवणारी चीज, आणि खाणारी पोरं सहा-सात वर्षांची.

"शून्याचा रिपोर्ट द्या, सहीनिशी. नाहीतर उद्यापासून येऊ नका. निवृत्तीला सातच महिने राहिलेत ना?"

सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि काठावर येऊन बुडायची! पण काकूंची नजर गेली ती साहेबांच्या जेवणाच्या उघड्या डब्यावर.

"वास काय सुटलाय हो भाजीचा!"

"सुटणारच. घाण्याचं तेल आहे." साहेब एकदम खुलले. "बाजारचं तेल-तूप आमची ही उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. घ्या, चाखून बघा."

काकूंनी वाटी पुढे केली. साहेबांनी तवंगासकट चार चमचे वाढले.

"संध्याकाळपर्यंत शून्य आणून देते," काकू म्हणाल्या. "आणि जाताजाता ही टोपली रिकामी करते."

रिपोर्टावर तीन रकाने असायचे. नमुना कुठला, ट्रान्स फॅट किती, सही कोणाची. साहेबांनी मधला सोडून दुसरा जन्मात वाचला नव्हता. संध्याकाळीही मधलाच बघितला. शून्य.

"आता कशा शहाण्यासारख्या वागलात!"

दुसऱ्या दिवशी शाळांतर्फे एक मुख्याध्यापिका आल्या. साहेबांनी ऐटीत रिपोर्ट पुढे सरकवला. बाईंनी चष्मा लावला. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेल्या. सुरुवात पहिल्या ओळीपासून.

"नमुना," त्यांनी मोठ्याने वाचलं, "मालकांच्या जेवणाच्या डब्यातली भाजी."

बाईंनी चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं. "तुमचं जेवण उत्तम आहे. आमच्या मुलांच्या बिस्किटांत जे जाणार, त्याचा रिपोर्ट कुठाय?"

"तो... तो अजून व्हायचाय," साहेब चाचरले.

"झालाय की!" काकू पुढे झाल्या.

"काकू, खबरदार! नोकरी जाईल!"

काकूंनी पर्समधून एक कागद काढला. टेबलावर उलगडला. तळहाताने नीट सपाट केला.

"हा घ्या, बाई. फाडलाय साहेबांनी, चिकटपट्टी तेवढी माझी."