बाकीचं उद्या

आसगावात यंदा धानाच्या रोवण्याला बाया मिळता मिळत नव्हत्या. सत्यभामाबाईंच्या शेतातल्या बांधीत मात्र त्याच बाया रोज उजाडताच हजर. हा आपल्या हातच्या चहाचा गुण, असं सत्यभामाबाई गावभर सांगत.

सून चंदा धान रोवता रोवता बायांना मोबाइलवरची खुनाची सिरीज सांगायची. दिवसाला एकच भाग, मग "बाकीचं उद्या." बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसल्या बसल्या सत्यभामाबाईंनाही त्या सिरीजची चटक लागली.

एका संध्याकाळी मुलगा धनंजय जेवता जेवता बोलून गेला, "आई, सारे भाग एकदमच आले होते. हिनं त एकाच बैठकीत पाहून टाकले."

सत्यभामाबाईंचा घास हातातच राहिला. "मंग रोज एकच भाग काहून सांगून राहिली वं तू? मले तरी सांग, खून कोणं केला?"

"नाही सांगत, आत्याबाई. तुमच्या पोटात काही रायत नाही. उद्या सकाळीच बायांले सांगून टाकाल."

"सांगितलं त काय होते?"

चंदानं त्यांच्या ताटात भात वाढला.

"तळ्याखालच्या दोन बांध्या रोवाच्या रायल्या आहेत. मंग बाया काय तुमच्या चहासाठी येतील?"