चौकटीची आतली बाजू

दारात पाऊल टाकण्याआधी म्हाताऱ्यांचा हात सवयीने उजव्या चौकटीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. बोटं नुसत्या रंगावरून फिरली आणि ओठांकडे येता येता अर्ध्यावर थांबली.

"नवा रंग आहे, आजोबा," दलाल म्हणाला. "पण वाळलाय. कोट खराब व्हायचा नाही."

कोटाच्या खिशात मेझुझा होती, ज्यू घरांच्या चौकटीवर लावतात ती; येता-जाता तिला बोटं टेकवून ओठांना लावायची. बोटभर लांबीची पितळी डबी, आत प्रार्थनेची बारीक गुंडाळी. जुन्या घराची आवराआवर सुरू झाली तशी म्हाताऱ्यांनी ती चौकटीवरून स्वतःच्या हाताने काढली होती, आणि आता दोन स्क्रू व स्क्रूड्रायव्हर यांच्यासह ती घरं बघत हिंडत होती. "बाबा, आज नुसतं बघायचंय," असं मुलाने निघताना सांगितलं होतं. "मग तिलाही बघू दे की," म्हातारे म्हणाले होते.

घर सोडायला त्यांनी एकच अट घातली होती. शनिवारी चालत सिनेगॉगला जाता यावं आणि तिथे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमावेत. सुनेचीही एकच अट होती, लेकीसाठी चांगली शाळा. मुलाची अट कुणी विचारली नव्हती.

"शाळा ती काय, कोपऱ्यावर," दलाल सुनेला म्हणाला. "लोक बाळ पोटात असतानाच चौकशीला येतात. आणि भेदभाव म्हणाल तर नावाला नाही. समोरच्या बाईंची दोन्ही मुलं तिथेच शिकली. तीही," त्याने आवाज उगीचच खाली आणला, "ज्यूच. पहिला नंबर कधी सोडला नाही."

"कुणी त्रास नाही ना दिला त्यांना?"

"छे हो. आडनाव तेवढं जरा आखूड करून घेतलं. वर्गातल्या बाईंना हजेरी घ्यायला सोपं पडतं."

सून खिडकीतून शाळेचं मैदान बघत राहिली. मैदान खरोखरच मोठं होतं.

"आणि बाकी आमची माणसं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"रग्गड. दर तिसरं घर तुमचं."

"गल्लीच्या तोंडापासून मी एकेक दार बघत आलो. एकाही चौकटीवर मेझुझा दिसली नाही."

"तेच तर सांगतोय," दलालाचा चेहरा खुलला. "कुणाला पत्ताच लागत नाही. असली निवांत वस्ती शोधून सापडायची नाही तुम्हाला."

"सिनेगॉग?"

"ती दाताच्या डॉक्टरची पाटी दिसतेय ना, तिथेच."

"पाटी दाताची आहे."

"डॉक्टर कधीच गेले. पाटी राहू दिलीय."

"दहा जण जमतात?"

"वीस जमतात, आजोबा. फक्त घोळक्याने येत नाहीत. एकेकटे येतात, वेगवेगळ्या गल्ल्यांतून. एक-दोघं तर गालाला हात लावून येतात."

मुलाला हसू आलं. वडिलांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

"या मालकांनी मेझुझा कुठे लावली होती?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "बाहेर स्क्रूच्या भोकांत पुट्टी भरलीय. माझ्या बोटांना लागली."

दलालाने दार लोटून घेतलं. आतल्या बाजूला, कोट अडकवायच्या खुंटीमागे, चौकटीवर तिरकी फिकट खूण होती. "ही बघा. भोकंसुद्धा तयार आहेत. तुम्हाला काही करायलाच नको."

"बाबा, आत काय नि बाहेर काय," मुलगा म्हणाला. "देवाला दोन्हीकडून दिसतं."

"देवाला आपला पत्ता पाठ आहे रे. शेजाऱ्यांना कळायला नको?"

"शेजाऱ्यांना कळला होता, बाबा," सून खिडकीतून नजर न काढता म्हणाली. "जुन्या दारावर काय लिहून गेले होते, ते मी घासून काढलंय. तुम्ही उठायच्या आत. दोनदा."

दलालाने तेवढ्यात नळ सोडून पाणी किती जोरात येतं ते दाखवलं.

म्हातारे एकटेच बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. हात खिशात होता. समोरच्या बाई बाजारातून पिशवी घेऊन आल्या आणि कुलुपात किल्ली फिरवू लागल्या. म्हाताऱ्यांनी घसा साफ केला.

"शालोम," ते म्हणाले. चांगलं मोठ्याने, त्यांच्या जुन्या गल्लीत नमस्कारादाखल म्हणत तसं.

बाईंची किल्ली थांबली. त्यांनी गल्लीच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला. मग म्हाताऱ्यांकडे पाहून अगदी सभ्यपणे हसल्या.

"गुड मॉर्निंग," म्हणाल्या, आणि आत शिरल्या.

दार बंद होत होतं तेवढ्यात, फटीतून, त्यांचा हात आतल्या चौकटीवर चढलेला म्हाताऱ्यांना दिसला. बोटं टेकली, ओठांना लागली. मग कडी लागली.

"झाली का ओळख?" मागून दलालाने विचारलं. "शेजार म्हणजे काय, सोनं आहे इथलं."

"झाली," म्हातारे म्हणाले. ते आत आले, दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं आणि हात खुंटीमागच्या खुणेकडे नेला. "मालकांना सांगा, ती खुंटी काढून घ्या म्हणावं. हात अडतो."