पडलेल्यांचा आकडा

"एकोणीस," असं म्हणत तपासनीसाने आकड्याभोवती लाल गोल काढला. वृद्धाश्रमात वर्षभरात एकोणीस वेळा कुणी ना कुणी पडलं होतं. आदल्या वर्षी फक्त चार वेळा. मधे नवीन काय झालं, तर रोज सकाळचा चालण्याचा वर्ग. म्हणजे दोष वर्गाचा. तो बंद करावा, असं लिहून हा गृहस्थ मोकळा होणार होता.

वर्ग घेणाऱ्या व्यायामाच्या बाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय डोंबलाची तपासणी ही! दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले मास्तर आता काठी टेकत एकटे संडासला जायचे. शिवणवाल्या आजी खिडकीशी उभ्या राहून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवायच्या. मास्तर दोनदा पडले, आजी एकदा. खरचटलं, मलम लावलं, दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा वर्गात हजर. बाईंनी हे सगळं त्याला सांगून पाहिलं. कोण पडलं, तेव्हा कुठे निघालं होतं, तेही सांगितलं. त्याच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

वर त्यानेच बाईंना अक्कल शिकवली. गावाच्या दुसऱ्या टोकाचा आश्रम बघा म्हणे. पलंगांना कठडे आहेत, जेवण पलंगावर, संडासचं भांडंही पलंगावरच देतात. चार वर्षांत तिथे एकही जण पडलेला नाही. सांगताना चेहरा असा खुलला होता, जणू आश्रम यानेच बांधलाय.

"पडतील कसे?" बाई म्हणाल्या. "उठू देतात का कुणाला? मेलेला माणूसही पडत नाही, साहेब."

"जरा तोंड सांभाळून बोला. माझी आई आहे तिथे. हाच आकडा बघून ठेवलंय मी तिला."

एरवी बाई वरमल्या असत्या. आज नाही. या माणसाच्या एका सहीने मास्तर पुन्हा अंथरुणात जाणार होते, आणि बाईंना त्याचा भयंकर राग आला होता. त्यांनी आवाज चढवला नाही, पण नजरही हटवली नाही.

"मग या दारापासून त्या खिडकीपर्यंत चालतील का तुमच्या आई?"

तपासनीस लगेच हो म्हणायला गेला आणि थांबला.

"तिथे सोडायला गेलो," तो म्हणाला, "तेव्हा स्वतःची बॅग उचलून माझ्यापुढे जिना चढली होती ती."