हात धुतल्याची सही

“सही कुठंय तुमची?” मोठ्या सिस्टरांनी वहीवर बोट ठेवलं.

वॉर्डाच्या दारातच बेसिन होतं. शेजारी लहानसं टेबल, त्यावर वही, आणि वहीला ड्रेसिंगच्या पट्टीनं बांधलेलं पेन, कारण या वॉर्डात सुटं पेन दुपारपर्यंत टिकत नसे. आत येणाऱ्यानं हात धुवायचे, वेळ लिहायची, सही करायची, मगच रुग्णाजवळ जायचं. नियम काढून तीन आठवडे झाले होते. एक वही भरून दुसरी लागली होती. मोठ्या सिस्टरांनी हा नियम स्वतः काढला होता आणि त्यांचा त्यावर भारी जीव होता.

वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या मावशींच्या नावापुढची सगळी घरं कोरी होती.

“धुतलेत की मी हात,” मावशी म्हणाल्या. “चांगले कोपरापर्यंत.”

“मग सही का नाही?”

“हात धुतल्याची कसली सही, सिस्टर? हातच्या काकणाला आरसा कशाला? जेवल्यावर लिहून ठेवतो का आपण, की बाबा जेवलो म्हणून?”

दोघी नर्स तोंड फिरवून हसल्या. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत.

हसण्यासारखं काही नव्हतंच. नियम निघाला तेव्हा एकाचे टाके चिघळले होते. आता तिघांचे. जंतू तसा जुन्या ओळखीचा. धडधाकट माणसाच्या नाकात, कातडीवर मूग गिळून बसणारा. पण एकदा जखमेत शिरला की पू करतो, आणि हा तर नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दादच देईना. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. पाच नंबरच्या सुताराचा गुडघा दुसऱ्यांदा उघडावा लागला. “पाय राहील ना, सिस्टर?” असं तो रोज सकाळी विचारायचा आणि रोज त्याच्या नजरेला नजर देणं मोठ्या सिस्टरांना जड जायचं. हा जंतू उडत येत नाही, हातांवरून येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हात कुणाचे, एवढंच शोधायचं होतं.

आणि सही न करणारी बाई वॉर्डात एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नळ्या आणि कापसाच्या काड्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. जो येईल त्यानं हात धुवायचे, सही करायची आणि तळवे पुढे करायचे. सर्जन, दोन डॉक्टर, व्यायाम करून घेणारी बाई, नर्स, वॉर्डबॉय, सगळ्यांच्या हातांवरून काडी फिरली.

“ज्याच्या हातावर जंतू निघेल, तो या वॉर्डात पाऊल ठेवणार नाही,” त्या म्हणाल्या. “मग तो कुणी का असेना.”

म्हणताना त्या मावशींकडेच बघत होत्या, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“घ्या की,” मावशींनी हात धुऊन तसेच पुढे केले. “पण सगळ्यांचे घ्या. तुमचेही.”

बोलल्या ठसक्यात, पण आतून त्या घाबरल्या होत्या. बावीस वर्षं याच वॉर्डात गेली होती. रुग्णांचं सगळं अंथरुणातलं काढलं, पडून असलेल्यांना उठवून बसवलं. नवरा गेल्यावर तर घर नुसतं झोपायला उरलं होतं. इथून काढलं तर जायचं कुठं, हा प्रश्न दोन रात्री त्यांच्या उशाशी होता.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मोठ्या सिस्टरांनी तो दोनदा वाचला. मग प्रयोगशाळेला फोन लावला.

“नळ्यांची अदलाबदल झालीय तुमच्याकडे.”

“नावं तुमच्याच अक्षरात आहेत, सिस्टर,” पलीकडचा माणूस म्हणाला. “तरी आम्ही परत तपासलं.”

त्या फोन ठेवून तडक वॉर्डाकडे आल्या. कितीही घाई असली तरी नियम म्हणजे नियम. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, अंगठ्याभोवती, त्यांनी शिस्तीत हात धुतले. कोरडे केले. पेन उचललं, वेळ लिहिली, सही केली. मावशी दारातच फरशी पुसत होत्या.

“मावशी, रिपोर्ट आला.”

मावशींचा हात थांबला.

“अकरा जणांपैकी दहा जणांच्या हातावर तोच जंतू आहे. सर्जनच्या. माझ्यासुद्धा.” मोठ्या सिस्टरांनी आपल्याच तळव्यांकडे पाहिलं. “स्वच्छ फक्त तुमचे आहेत. मी नको तो संशय घेतला. चुकलं माझं.”

मावशींनी डोळे पुसले, पण पदरानं नाही, दंडानं. हात पुसायच्या फडक्याला लागलेले होते.

“पण असं कसं?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “नळ तोच, साबण तोच. तुम्ही वेगळं काय करता?”

“मी? काहीच नाही.”

मावशी विचारात पडल्या. त्यांची नजर बेसिनवरून टेबलावर गेली. टेबलाच्या कडेवरून, मळक्या पट्टीला लोंबकळत, पेन अजून हलत होतं.

आतून सुतारानं हाक मारली. मोठ्या सिस्टर त्याच्याकडे वळल्या, तशी मावशींनी पुसायची काठी दारात आडवी धरली.

“हात धुवा, सिस्टर.”

“आत्ता तुमच्यासमोर धुतले ना! ही बघा सही.”

“म्हणून तर म्हणते,” मावशी म्हणाल्या. “परत धुवा.”