साळूबाईंचे गुडघे

साळूबाई परातीपुढून उठल्या, पण भिंतीला हात न लावता. शुभांगी बघतच राहिली. तिच्या सासूचं उठणं म्हणजे एरवी एक सोहळाच असायचा. देवाचं नाव घ्यायचं, भिंत धरायची, आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी धावत यायचं. आज बाई सरळ उठल्या आणि पिठाचे हात धुवायला मोरीकडे गेल्या.

"आत्या, गुडघं बरं दिसत्यात."

शुभांगी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली. सकाळपासून घरात कुणी धड बोललं नव्हतं. ती आणि तिचा नवरा राजू सासऱ्यांना, हैबतरावांना, पुण्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेले होते. मोठ्या आतड्यातली गाठ केमोला जुमानली नव्हती, यकृतापर्यंत पोचली होती. "आता केमो थांबवू. घरीच आराम करू द्या," असं डॉक्टर म्हणाले. राजू दोघांना कासारसाईत, घरी सोडून गाडी घेऊन कुठेतरी निघून गेला. रडायला गेला असणार. घरात बायकांसमोर रडायची त्याची तयारी नव्हती.

"लई बरं हायेत," साळूबाई म्हणाल्या. नवरा पडवीत तसा पडलेला असताना आपलं बरं चाललंय हे सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांनी आवाज खाली आणला. "परवा धरणापतूर चालत गेले. ह्यांनी गोळ्या आणल्यात मेडिकलातनं, माझ्यासाठी. रोज जेवल्यावर सोताच्या हातानं देत्यात. जल्मात कधी पाण्याचा तांब्या दिला न्हाई बाबानं."

"कसल्या गोळ्या?"

साळूबाईंनी पदराची गाठ सोडली. दुपारची गोळी अजून घ्यायची होती. पांढरी, निळ्या पट्टीची.

शुभांगीला ती ओळखायला वेळ लागला नाही. चार महिने हीच गोळी ती सासऱ्याच्या तळहातावर ठेवत आली होती. सलाईनमधून जाणारं औषध गाठीला मारतं, पण गाठीभोवतीची सूज तिला सांभाळून घेते. म्हणून केमोच्या जोडीला सूज उतरवणारी गोळी, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. गोळी चुकली नाही ना, असं त्यांनी आजही विचारलं. "मी सोता देते," शुभांगीने ठणकावून सांगितलं. शेजारी बसलेले हैबतराव तेव्हा पंख्याकडे बघत होते.

ती पडवीत आली आणि गोळी त्यांच्यापुढे धरली.

"मामा, ही तुमची हाय."

हैबतरावांनी डोळे मिटून घेतले. "मग काय झालं? मेडिकलवाल्याला दाखवली, तर म्हणला, ही सांधेदुखीला देत्यात. माझं कुटं सांधं दुखत्यात? माझं औषध त्या बाटलीतनं जातंय की."

"दोन्ही मिळून एकच औषध होतं, मामा!"

ती ओरडली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यावर ती कधी ओरडली नव्हती. ओरडली आणि तिलाच रडू फुटलं.

"तिचं कण्हणं ऐकवत न्हवतं गं," ते म्हणाले. "तुमी दोघं कामावर. मी गेल्यावर हिला उठवणार कोण?"

साळूबाई दारात येऊन उभ्या होत्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"शुभांगे, ही ह्यांची व्हती?"

झालेलं आता कुणाला फिरवता येणार नव्हतं. निदान या बाईच्या जिवाला तरी हे लागू नये, एवढंच शुभांगीला वाटलं. तिने डोळे पुसले.

"आत्या, मनाला लावून घेऊ नका. डॉक्टर पयल्याच दिवशी म्हणले होते, ह्या गोळीचा उपेग होतोय का, तेच आमी अजून बघतोय. खात्री न्हाई. मामांनी घेतली असती तरी गुण आलाच असता, असं न्हाई."

हे तिने रचून सांगितलं नव्हतं. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते.

साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उंबऱ्यापाशी त्या खाली बसल्या आणि उठल्या. परत बसल्या, परत उठल्या. कुठे कळ येते का बघत होत्या. येत नव्हती.

"मला तर आला की गं गुण," त्या म्हणाल्या.